बिघाडाची रिकामी ओळ

दुकानात कॉम्प्युटर घेऊन येणारी माणसं दोन जातींची असतात, असं सूनबाईचं सहा वर्षांच्या अनुभवानंतरचं मत होतं. एक, ज्यांनी काहीच केलेलं नसतं आणि तरी मशीन आपोआप बंद पडतं. दुसरी, ज्यांनी पुष्कळ काही केलेलं असतं आणि ती ते सांगत नाहीत. तिचे सासरे दोन्हींत बसत नव्हते. तेही पुष्कळ काही करून ठेवायचे, पण मग ते सगळं पहिल्या दिवसापासून क्रमवार सांगायचे.

बुधवारी सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेव्हा ते वाकून आत आले. एकतीस वर्षं ते चर्चचे पाळक होते. बाहेर सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत, घरात बाबा. काखेत कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप, आणि लॅपटॉपला अंग पुसायचा टॉवेल गुंडाळलेला.

"सूनबाई, आजारी आहे गं," असं म्हणून त्यांनी पिशवी अलगद काउंटरवर ठेवली.

"काय होतंय?"

"सोमवारी सकाळी मी सव्वासहाला उठलो. प्रार्थना केली. चहा घेतला. मग..."

"बाबा, थोडक्यात."

"थोडक्यातच सांगतोय. बायबलचं सॉफ्टवेअर उघडतं, पांढरं पान येतं, खाली ओळ येते की एक अ‍ॅड-ऑन वाचता आले नाही, आणि सगळं मिटतं. अकरा वेळा केलं. अकराही वेळा तेच."

"मग अकरा वेळा कशाला केलंत?"

"दहाव्यांदा वाटलं, आणखी एकदा करून बघावं."

सूनबाईने पावतीपुस्तक पुढे ओढलं. दुकानाच्या मालकाची एक शिस्त होती. मशीन परत देताना त्याबरोबर पावती द्यायची, आणि पावतीवर तीन ओळी भरायच्या: तक्रार, बिघाड, उपाय. खाली सही आणि दुकानाचा गोल शिक्का. बाकीचे कारागीर बिघाडाच्या ओळीत 'सॉफ्टवेअर' असं एकच लिहून मोकळे व्हायचे. सूनबाई नीट लिहायची, गिऱ्हाइकाला कळेल असं. बाबांना तिच्या पावत्यांचं भारी कौतुक. त्यांनी त्या सगळ्या एका फाईलला लावून ठेवल्या होत्या, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना कधी कधी वाचून दाखवायचे. "माझ्या उपदेशापेक्षा हिची पावती मुद्द्याची," असं म्हणायचे. त्या काळात ते खरंही होतं.

तक्रारीची ओळ तिने लिहून टाकली. मग लॅपटॉप उघडला.

हे सॉफ्टवेअर म्हणजे एक रिकामं कपाट असतं. त्यात आपापल्या गरजेप्रमाणे फाईली आणून ठेवायच्या. एकात भाषांतर, एकात शब्दकोश, एकात नकाशे, एकात भाष्य. डावीकडे वचन उघडलं की उजवीकडे त्या वचनाचं भाष्य आपोआप येतं. या जोडफाईलींनाच अ‍ॅड-ऑन म्हणतात. बाबांच्या कपाटात त्या त्रेचाळीस होत्या, आणि त्यांतली एक नासकी होती. ती शोधायची रीत सोपी आणि कंटाळवाणी. सगळ्या बाहेर काढायच्या, अर्ध्या परत ठेवायच्या, सॉफ्टवेअर उघडतंय का बघायचं. नाही उघडलं तर त्या अर्ध्यांतल्या अर्ध्या बाहेर. असं करत करत एकीवर यायचं.

बाबा स्टुलावर बसून हे सगळं हात जोडल्यासारखे धरून बघत होते. सहाव्या फेरीला ती एका फाईलपाशी पोचली. मोठं भाष्य. कुणा जुन्या पंडिताने आयुष्य घालवून लिहिलेलं, तीन हजार पानांचं. पण ते एकटं नव्हतं. त्याच्याच शेजारी एक फोल्डर होतं, त्याचं नाव 'विश्रांती'.

"ही विश्रांती काय आहे, बाबा?"

बाबा जरा ओशाळले. "मागच्या वर्षी मोठं भाष्य बिघडलं होतं ना? तूच फोनवर म्हणालीस, जुनी फाईल डिलीट करा आणि नवी उतरवा."

"मग?"

"नवी उतरवली. पण जुनी काढायला गेलो तर ते विचारतं, रिसायकल बिनमध्ये टाकू का? म्हणजे कचऱ्याच्या डब्यातच की! अगं, त्यात ओळीओळीला वचन आहे. माझा हात धजावला नाही. मग तिथंच एक फोल्डर केलं आणि तिला निजवली."

"निजली नाही ती, बाबा. सॉफ्टवेअर आतल्या फोल्डरातलंही वाचतं. ती जागीच आहे."

"अरे देवा."

"आणि ही तिसरी कुठून आली?"

"मागच्या गुरुवारी म्हटलं, आणखी एक प्रत असावी. ती पेन ड्राइव्हवरून उतरत होती, तेवढ्यात तुझ्या सासूबाई टेबल पुसायला आल्या. पेन ड्राइव्ह उपसला, पुसला, आणि डबीत ठेवून दिला."

म्हणजे सॉफ्टवेअर बंद पाडणारी ही तिसरी, अर्धीमुर्धी. सूनबाईने तिला बाजूला केलं. पडद्यावर पान नीट उघडलं. बाबांनी टाळीच वाजवली. मग घड्याळ बघितलं. त्यांना कुणा आजाऱ्याकडे जायचं होतं.

"संध्याकाळी घेऊन जातो. नीट तपासून ठेव हं. रविवारी लागणार आहे," दारातून ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "या रविवारी पंच बसणार आहेत ना."

ते तिला सांगायची गरज नव्हती. सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. बाबांची मुदत या महिनाअखेर संपत होती. मंडळीचे सात पंच रविवारी उपासनेनंतर बसणार आणि आणखी दोन वर्षं द्यायची की नाही ते ठरवणार. दिली तर बाबा आणि आई चर्चच्या आवारातल्या पाळकाच्या घरात राहणार. नाही दिली तर दोन वर्षं आधीच सूनबाईच्या दोन खोल्यांत येणार.

सासूबाई प्रेमळ होत्या, आणि खरी अडचण तीच होती. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. मागे पंधरा दिवस राहायला आल्या, तर सुनेला मदत म्हणून त्यांनी स्वयंपाकघर पुन्हा लावून दिलं. मीठ तिसऱ्या दिवशी सापडलं, तेही शिवणाच्या डब्याशेजारी. वर म्हणाल्या, "आता कसं हाताशी आलं!" सूनबाईने त्या पंधरा दिवसांत तीन वेळा न्हाणीघरात नळ सोडून दोन मिनिटं नुसतं उभं राहून घेतलं होतं.

वर्षापूर्वी कुणी विचारलं असतं तर मुदतवाढ मिळणार नाही असं तिने शपथेवर सांगितलं असतं. बाबांचा उपदेश म्हणजे मोठ्या भाष्यातलं पान, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिसऱ्या बाकावरची एक आजी ठरावीक मिनिटाला घोरायला लागायची, आणि लोक त्यावरून घरी जाऊन पोळी-भाकरी करायला अजून किती वेळ आहे याचा हिशेब करायचे. पण गेल्या अकरा महिन्यांत काय झालं कोण जाणे. बाबा बोलायला लागले. अडखळत, थांबत, पण असं काही बोलायचे की माणसं सरसावून बसायची. आजी जागी राहायला लागली. तो 'पानाचं माप' नावाचा उपदेश तर पंचांतल्या मुख्य माणसाने, म्हणजे टोपीवाल्या पंचांनी, पदरखर्चाने छापून वाटला. टोपी ते घालत नसत, मांडीवर ठेवत.

परत देण्याआधी चार पानं उघडून बघायची, ही दुकानाची दुसरी शिस्त. सूनबाईने जलप्रलयाची गोष्ट उघडली, ओळखीची म्हणून. डावीकडे नौकेची मापं होती, लांबी, रुंदी, उंची. उजवीकडे भाष्य होतं, ते कबुतराने चोचीत आणलेल्या पानाबद्दल.

ती थांबली. कबुतर इथे कुठून आलं? अजून तर नौका बांधून व्हायची आहे. तिने दुसरं पान उघडलं. डावीकडे मंदिरातल्या भांड्यांची यादी, उजवीकडे कुणा विधवेच्या पिठाच्या मडक्याचं भाष्य. तिसरं, चौथं, सगळीकडे तीच गत. कुठे चार वचनं पुढे, कुठे अख्खा अध्याय मागे. कारण समजायला वेळ लागला नाही. सॉफ्टवेअर मजकूर घेत होतं नव्या फाईलीतला, आणि कुठलं भाष्य कुठल्या वचनासमोर लावायचं ती सूची घेत होतं विश्रांतीतल्या फाटक्या फाईलीतली. अकरा महिने.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नौकेची मापं आणि कबुतराचं पान. म्हणजेच 'पानाचं माप'.

तो उपदेश तिला आठवत होता. नौका बांधणाऱ्याने हाताहाताने मोजून सगळं केलं, कारण पाणी येणार हे त्याला ठाऊक होतं. पण ज्या पानाने तो सुटल्याचं कळलं, त्याचं माप त्याला कुणी दिलं नव्हतं, असं काहीसं बाबा म्हणाले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, काय पण तो भाष्यकार असेल! आता कळलं की भाष्यकाराचा त्यात काडीचा संबंध नव्हता. मापं एका पानावरची, कबुतर दुसऱ्या पानावरचं, आणि मधलं सगळं बाबांचं.

पिशवी आवरताना तळाशी त्यांची उपदेशाची वही हाताला लागली. दुसऱ्याची वही वाचू नये हे तिला चांगलं माहीत होतं. तिने वाचली.

प्रत्येक पानावर डावीकडे वचन, उजवीकडे भाष्याचा सारांश, आणि मध्ये बाबांचं बारीक अक्षर. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. पहिल्या आठवड्याला लिहिलं होतं, 'जोड लागत नाही. चार वेळा वाचलं. दोष माझा.' दुसऱ्या महिन्यात, 'एवढा मोठा पंडित उगीच लिहिणार नाही. मलाच दिसत नाही.' मग एके ठिकाणी फक्त, 'दादाचंही असंच सुरू झालं होतं.'

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. शेवटी शेवटी त्यांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नसत. सूनबाईने लग्नानंतर त्यांना एकदाच पाहिलं होतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं होतं, पाच वेळा.

त्या पानापासून पुढे वहीत प्रत्येक दिवशी तळाशी दोन गोष्टी होत्या. सातही पंचांची नावं, न बघता लिहिलेली. आणि सतराचा पाढा. एका दिवशी पाढ्याच्या सातव्या ओळीवर खाडाखोड होती, आणि बाजूला लिहिलं होतं, 'हिला सांगायचं नाही.' शेवटचं पान कालचं होतं. 'रविवारी पंच बसतील. दिली तरी घ्यावी का? डोकं साथ देत नसताना तिथं उभं राहणं म्हणजे लबाडी.'

सूनबाईने वही मिटली. भल्या माणसाने पंडितावर शंका घेतली नाही, मशीनवर घेतली नाही, स्वतःवर घेतली. आत्ता फोन करायचा, सांगायचं की बाबा, तुमचं डोकं ठणठणीत आहे, ती फाईल फाटकी आहे. तिने फोन हातात घेतलाही.

पण सासऱ्यांना ती ओळखून होती. सांगितलं की ते गप्प बसणार नाहीत. रविवारी व्यासपीठावरून सगळ्यांना सांगतील, क्रमवार, पहिल्या दिवसापासून. टोपीवाले पंच काय म्हणतील? आणि समजा गप्प बसले, तरी दुरुस्त फाईल समोर आली की पुन्हा पान वाचून दाखवतील, आजी पुन्हा घोरेल, आणि महिनाअखेरीला मीठ पुन्हा शिवणाच्या डब्याशेजारी.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो पाण्याच्या मीटरचे आकडे घेत हिंडायचा, आणि दुसऱ्या कशावर मत द्यायची त्याला सवय नव्हती.

"खराब फाईल तशीच ठेवली तर काय होईल?" त्याने विचारलं.

"चालेल. अकरा महिने चाललीच आहे."

"मग सोमवारी सांग की. चार दिवसांत काय बिघडतंय?"

हेच तिला ऐकायचं होतं, म्हणून तर तिने त्याला फोन केला होता. वहीतल्या पाढ्याबद्दल मात्र ती त्याला काही बोलली नाही. ते बोलली असती तर त्यालाही मत द्यावं लागलं असतं.

पुरती दुरुस्ती दहा मिनिटांची होती. विश्रांतीतली फाईल बाहेर काढायची आणि सूची नव्याने बनवायची, बस. ती तिने केली नाही. पावती पुढे ओढली. उपायाच्या ओळीत लिहिलं, 'सुरू झाले.' बिघाडाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि उचललं. खोटं लिहायला हात वळेना, खरं लिहायची सोय नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदा ती ओळ रिकामी राहिली. घाईत सही आणि शिक्काही राहिला.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी सॉफ्टवेअर उघडून बघितलं, दोनदा "वा" म्हणाले, आणि पावती वाचली. मग चष्मा वर करून पुन्हा वाचली.

"घाईत होतीस का गं?"

"हो बाबा. खूप गर्दी होती."

दुकानात त्या दिवशी सगळी मिळून चार गिऱ्हाइकं आली होती.

"असू दे, असू दे," म्हणून त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली. रस्ता ओलांडताना ते दोन्हीकडे दोन दोन वेळा बघत होते. ही सवय त्यांना नव्हती, किंवा असेल आणि तिने आजवर पाहिली नसेल. गुरुवार आणि शुक्रवार तिचं कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याचा कीबोर्ड दिला.

रविवारी ती वेळेआधी जाऊन चौथ्या बाकावर बसली. पहिल्या बाकावर सातही पंच, मुख्य पंचांची टोपी मांडीवर. सासूबाई बाजूला सरकून जागा देत म्हणाल्या, "काल रात्री हे गाढ झोपले बाई. कित्येक महिन्यांनी. मलाच भीती वाटली, उठवून बघितलं." सूनबाईला वाटलं, बरं झालं.

बाबा व्यासपीठावर आले. हातात वही नव्हती. दुरुस्तीची पावती होती, आणि काखेत एक जाडजूड छापील पुस्तक. त्या पुस्तकावरची धूळ एका कोपऱ्यात अजून तशीच होती.

"आज मला उपदेश करायचा नाही," ते म्हणाले. "एक बातमी द्यायची आहे."

सूनबाईने पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

बाबांनी सांगितलं, क्रमवार, पहिल्या दिवसापासून. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. पावतीवर बिघाडाची ओळ रिकामी होती. त्या दुकानात ती ओळ कधी रिकामी ठेवत नाहीत. म्हणजे सांगण्यासारखं नाही असं काहीतरी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. तीन दिवस ते त्याच विचारात होते. शेवटी शनिवारी त्यांनी चर्चच्या कपाटातून मोठ्या भाष्याचा छापील ग्रंथ काढला, आणि एकेक पान पडद्याशी ताडून पाहिलं.

"तर बंधुभगिनींनो, अकरा महिने तुम्ही जे ऐकलंत, ते त्या वचनांचं भाष्य नव्हतंच. इकडचं वचन आणि तिकडचं भाष्य. मध्ये मी आपला साकव टाकत होतो. कुठे पक्का पडला असेल, कुठे कच्चा. ज्यांचा पाय घसरला त्यांची मी माफी मागतो."

माफी मागणारा माणूस इतका खूश कुणी पाहिला नसेल. बाबांचा चेहरा नुसता फुलून आला होता. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, मग दोघं-चौघं हसले, आजी तर मोठ्याने हसली. टोपीवाले पंच हसले नाहीत. त्यांच्या घरी 'पानाचं माप'च्या दीडशे प्रती अजून शिल्लक होत्या.

पंच अर्धा तास बसले. दार नीट बंद होत नव्हतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. तिघांचं म्हणणं, माणसाने मनाने एवढं केलं, तर उलट चार वर्षं द्यावीत. टोपीवाल्यांचं म्हणणं, मंडळीची शोभा झाली. एकाने अशी सूचना केली की उपदेश जर त्या फाईलीमुळे चांगले होत होते, तर पाळक नवा आणावा आणि फाईल तेवढी ठेवून घ्यावी. ही सूचना गांभीर्याने चर्चेला घेण्यात आली. शेवटी चार विरुद्ध तीन. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'तांत्रिक कारणास्तव मुदतवाढ देता येत नाही.'

बुधवारी तिने फोन केला असता, तर बाबांनी रविवारच्या आत पंचांच्या घरी जाऊन चहावर ही गोष्ट सांगितली असती, टोपीवाल्यांना आधी. ते त्यांचं वर्षानुवर्षांचं होतं, वाईट बातमी घरी जाऊन सांगायची. ती वेळ तिच्या रिकाम्या ओळीने खाल्ली होती. हे तिला घरी जाताना, जिन्यात कळलं, आणि ती पायरीवरच बसली.

सोमवारी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेव्हा बाबा वाकून आत आले. पिशवी नव्हती. खिशातून पावती काढून त्यांनी काउंटरवर उलगडून ठेवली. रिकामी ओळ आता रिकामी नव्हती. बाबांच्या बारीक अक्षरात, एकही खाडाखोड न करता, लिहिलं होतं: 'बिघाड फाईलमध्ये होता. वापरणाऱ्याच्या डोक्यात नव्हता.'

"यावर तेवढी सही कर आणि शिक्का मार," ते म्हणाले. "दुकानाचा. म्हणजे पक्कं होईल."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मला बुधवारीच कळलं होतं."

"ते मला ओळ बघूनच कळलं."

"मी सोमवारी सांगणार होते. आज."

"हं." त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "वही वाचलीस?"

"हो."

"सगळी? ते पाढे वगैरे?"

"हो, बाबा."

बाबांनी काउंटरवरच्या स्क्रूच्या डबीचं झाकण नीट लावलं. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मग तेवढं तरी सांगायचंस गं," ते म्हणाले. "घर जाऊ दे. पंच जाऊ दे. तेवढं सांगायचंस. तीन रात्री मी उठून उठून पाढा म्हणत होतो."

चुकलं, असं ती म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. बाबांनी काउंटरवर हात ठेवून तिच्या हातावर दोनदा थोपटलं. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, नाही केलं असंही नाही.

तिने सही केली. शिक्का शाईत दाबून कागदावर मारला. पहिला फिका उठला, म्हणून शेजारी दुसरा मारला, चांगला जोर देऊन. बाबांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पावती घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि वरून एकदा हात लावून बघितली.

"ती फाटकी फाईल काढून टाकू का आता?" तिने विचारलं.

"काढ. पण कचऱ्यात नको."

"नाही टाकणार."

दारापाशी जाऊन ते वळले. "विसरलोच. म्हणजे विसरलो नाही, शेवटी सांगायचं ठरवलं होतं. तुझ्या सासूबाईंनी विचारलंय, तुमच्या स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ रिकामं करून ठेवता येईल का?"

"सांगा त्यांना," सूनबाई म्हणाली, "आजच करते."